आजारी माणसांची मीटिंग

"अगं, तिथं कुठं बसलीस? ऊठ. लोक यायचेत अजून."

साहेब एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. मी उठले.

पनवेलमधल्या एका शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग. रविवारची सकाळ. बाकं भिंतीला सरकवलेली आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण. फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं तशीच होती. बाहेर व्हरांड्यात स्टोव्हवर चहाचं आधण ठेवून मी आत आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. दमले म्हणून टेकले नव्हते. ठरवून बसले होते. आठवडाभर मनाशी घोकत होते की या रविवारी खुर्चीवर बसायचं.

मी उठले तसा एक गृहस्थ त्या खुर्चीपाशी आला. इस्त्रीचा शर्ट, चष्मा. त्याने खिशातून रुमाल काढला, खुर्ची पुसली, रुमालाची घडी घातली आणि बसला. मी दोन हातांवर उभी होते. माझ्यादेखत पुसली. मला दाखवायला नव्हे. मी त्याला दिसतच नव्हते.

मग तो म्हणाला, "मावशी, साखर कमी."

मी बाहेर जाऊन साखर कमी घातली.

ती मीटिंग दारू सोडणाऱ्यांची होती. रिंगणात बसायचं, एकेकाने नाव सांगायचं आणि पुढे म्हणायचं, मी मद्यपी आहे. मग आपलं सांगायचं. कुणी मध्ये बोलायचं नाही. कुणी उपदेश करायचा नाही. आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. दर मीटिंगच्या सुरुवातीला हे सांगितलं जायचं. मी दारात उभी राहून दर वेळी ऐकायचे. मद्यपी हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. किती स्वच्छ शब्द. आम्हाला बेवडा म्हणतात. बाईला तर जे म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी परतताना मी गाडीत मागच्या सीटवर होते. चहाचं सामान पायाशी. साहेब स्वतः गाडी चालवायचे. सुकापूर मागे पडलं, डोंगर दिसायला लागले, तेव्हा मी तोंड उघडलं.

"साहेब, मला पण बसायचं हाय तिथं. रिंगणात."

"कशाला?"

"मी पण पिते."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत. लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तसे.

"अगं, ते काय मला माहीत नाही? पार्टी झाल्यावर ग्लास धुताना तू काय करतेस, मॅडमनी केव्हाच सांगितलंय मला. पण तुझं वेगळं आहे. तुमच्यात सगळेच पितात. लग्नाला पितात, मयताला पितात, बायका पितात. तुमच्यात ते चालतंच. ही आजारी माणसांची मीटिंग आहे. आम्हाला आजार आहे. तुला काय झालंय?"

मी पायाशी घरंगळणारी किटली धरली. थोड्या वेळाने आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "चहा छान करतेस हो पण. सगळे विचारतात, कोण करतं म्हणून."

आता मी कोण ते सांगते.

नेऱ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. आम्ही कातकरी. आश्रमशाळेत मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून हे असं लिहिता येतंय. बोलताना अजून हाय आणि नायच येतं. माझा नवरा वीटभट्टीवर जायचा. दिवाळी झाली की जायचा तो पाऊस तोंडावर आला की परत. तो पीत नव्हता. त्याच्या अंगाला दारूचा वास मी कधी घेतला नाही. माझ्या बापानेही दारूला हात लावला नाही. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तर कळलं असतं.

वाडीखाली त्या काळात फार्महाऊसं वाढत चालली होती. ज्या जमिनीवर आमची माणसं नाचणी पेरायची तिथे लॉन आलं, लोखंडी फाटकं आली. विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणून जो तो जमीन विकत तरी होता नाहीतर घेत होता. साहेब एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. दारूने तब्येत बिघडली, नोकरी सोडावी लागली, तेव्हा ते इथे कायमचे राहायला आले. मी त्यांच्याकडे झाडलोट, भांडी, धुणं करायचे. साहेबांनी दारू सोडली होती, पण मॅडमचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, पाहुणे यायचे. पाहुणे पीत असले की साहेब आतल्या खोलीत टीव्ही लावून बसायचे.

पाहुणे गेले की ग्लास माझ्याकडे यायचे. ग्लासाच्या तळाशी थोडी थोडी उरलेली असायची. आधी मी ती मोरीत ओतायचे. मग एकदा नाही ओतली. लोकांच्या ओठांची, लिपस्टिक लागलेल्या ग्लासातली, सिगरेटची राख पडलेली. उष्टी. ती मी प्यायले. राख बोटाने बाजूला करून प्यायले.

का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एक कारण आहे. मुलीच्या पाठचा मुलगा गेला होता माझा. तापाने गेला. पण पोर गेलेल्या बाया वाडीवर किती होत्या. त्या नव्हत्या पीत. म्हणून ते कारण मी सांगते आणि बाजूला ठेवते.

नंतर ग्लासातली पुरेनाशी झाली. खालच्या गावातला एक माणूस हातभट्टीची रबरी ट्यूबमध्ये भरून आणायचा. त्याच्याकडून घ्यायला लागले. तांदळाच्या डब्यात, सरपणाच्या मागे, कुडाच्या भेगेत लपवायला लागले. नवरा भट्टीवर असला की लपवायचंही नसायचं. मुलगी होती घरात, पण मुलीपासून काय लपवायचं, असं वाटायचं. आठ-नऊ वर्षांची होती ती. सगळं बघायची.

साहेब मीटिंगला जायला लागले तेव्हा काही दिवसांनी त्यांनी चहाची जबाबदारी अंगावर घेतली. तिथे जबाबदाऱ्या वाटून घ्यायची पद्धत होती. कुणी खुर्च्या लावायच्या, कुणी फळा पुसायचा, कुणी चहा करायचा. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काहीतरी करावं, त्याने माणूस सुधारतो, असं होतं ते. साहेबांनी चहा घेतला अंगावर आणि हात माझे आणले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

अशी मला ती मीटिंग सापडली. शोधून नाही. किटली धरून.

पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात स्टोव्हला पिन मारत होते आणि आतून एक माणूस बोलत होता. बाटली कुठे लपवायचा ते सांगत होता. माझा हात थांबला. पुढच्याने सांगितलं की सकाळी उठल्यावर काल रात्री आपण काय केलं ते बायकोच्या तोंडाकडे बघून शोधावं लागायचं. मी तर मुलीच्या तोंडाकडे बघून शोधायचे. मला वाटलं, हे लोक माझ्या घरात येऊन गेलेत. माझ्या चुलीपाशी बसून गेलेत.

तिथे कोण काय बोललं ते मी यापुढे सांगणार नाही. साहेब काय बोलायचे तेही नाही. तिथलं तिथेच ठेवायचं असतं. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता, म्हणजे मला म्हणून सांगितला नव्हता. माझ्यासमोर माणसं रडायची, जे बायकोलाही सांगितलं नाही ते बोलायची. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. मी तिथे आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. पंखा असतो, फळा असतो, तशी मी.

पण एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. त्यात माझीही सोय होती. हातात किटली असली की कुणी नाव विचारत नाही. काही बोलावं लागत नाही. रविवारी त्यांचं ऐकायचं, डोळे भरून यायचे, आता उद्यापासून नाही, असं म्हणायचं. आणि संध्याकाळी प्यायची. कितीतरी रविवार असं चाललं. मग एका रविवारी मी त्या खुर्चीवर बसले, आणि उठवली गेले.

आता त्याहून वाईट सांगते.

साहेब गाडीत ते बोलले तेव्हा माझ्या पोटात आग पेटली असं मी म्हणू शकले असते. तसं झालं नाही. मला बरं वाटलं. फाटकापाशी उतरले, चहाचं सामान स्वयंपाकघरात ठेवलं आणि वाडीची चढण चढताना मनात एकच, आमच्यात चालतंच. म्हणजे मला काही झालेलं नाही. म्हणजे सोडायचं असं काही नाहीच. माझं पिणं माझं नाही, ते वाडीचं, जातीचं, आजे-पणज्यांचं. साहेबांनी एका वाक्यात मला मोकळं केलं होतं. त्या संध्याकाळी मी बिनघोर प्यायले. ट्यूबवाल्याला पुढची पण आधीच सांगून ठेवली.

अपमान झालेला कळायलाही माणूस शुद्धीवर असावा लागतो.

पुढच्या महिन्यात आश्रमशाळेत आई-बापांनी पोरांना भेटायचा दिवस होता. मुलगी त्या वर्षीच तिथे राहायला गेली होती. आमच्या वाडीपासून लांब नाही, पण एकदा आत गेलेलं पोर सुट्टीशिवाय घरी येत नाही. मी तिच्यासाठी करांदे उकडले. डोंगरातले हे कंद तिला फार आवडायचे. केळीच्या पानात बांधून घेतले. तिच्या बाईंशी, मोठ्या माणसांशी बोलायचं होतं, म्हणून धीर यावा असं म्हणून थोडी घेतली. वाटेत अजून थोडी.

पोरी हातपंपापाशी रांगेत उभ्या होत्या. ताटं धुवायला. मी लांबूनच तिचं नाव घेऊन हाक मारली. जरा जास्तच मोठ्याने असेल. सगळ्या पोरींनी वळून बघितलं. मी चालत गेले. सरळ चालतेय असं मला वाटत होतं. तिच्या शेजारच्या पोरीने तिला विचारलं, "ही कोण गं?"

माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे बघितलं.

"आमच्या शेजारची बाय हाय," ती म्हणाली.

मी मारली. कानाखाली. उजव्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर काढून. केळीचं पान सुटलं, करांदे चिखलात पडले. ती ओरडली नाही. तिने कानावर तळवा दाबून धरला, आणि मग खाली वाकून दुसऱ्या हाताने एक एक करांदा उचलून फ्रॉकच्या ओच्यात घ्यायला लागली. मी आणले होते म्हणून.

शिपायाने माझा दंड धरून मला फाटकाबाहेर काढलं. "परत पिऊन आलीस तर पोलिसात देईन," म्हणाला. मी त्याला शिव्या दिल्या. साहेबांना द्यायला हव्या होत्या त्या, स्वतःला द्यायला हव्या होत्या त्या, सगळ्या त्याला दिल्या.

काही दिवसांनी शाळेतून निरोप आला. पोरीचा कान वाहतोय, दवाखान्यात न्या. मी तिला घेऊन पनवेलच्या सरकारी दवाखान्यात गेले. त्या दिवशी प्यायले नव्हते. हात थरथरत होते म्हणून ते पदरात गुंडाळून ठेवले होते. डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून कानात बघितलं.

"पडदा फाटलाय. कशानं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "झाडावरनं पडले."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "झाडावरून पडून असा नाही फाटत."

मुलगी पुन्हा म्हणाली, "पडले."

आणि मी गप्प बसले. ती खोटं बोलत होती, माझ्यासाठी बोलत होती, ज्या बाईला तिने शेजारची म्हटलं होतं तिला वाचवायला बोलत होती. मी तिला बोलू दिलं. मारलं ते एकदा. हे दुसऱ्यांदा.

औषधं घेऊन आम्ही बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. तिने कानात कापूस घातला होता आणि समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती. मी मनाला समजवायला लागले. सवयच होती. साहेबांचं वाक्य तयारच होतं, आमच्यात चालतंच. मी ते मनात म्हटलं. आणि पहिल्यांदाच ते लागू पडलं नाही.

काय चालतं आमच्यात? पोरीचा कान फोडायचा, हे चालतं? माझ्या बापाने मला कधी बोट लावलं नाही. जंगलातून थकून यायचा, तरी माझी वेणी घालून द्यायचा. माझ्या आईने उपाशी राहून मला शाळेत धाडलं. हे माझ्या वाडीने केलेलं नाही. जातीने केलेलं नाही. मी केलंय. आणि साहेब म्हणतात, तुमच्यात चालतंच. म्हणजे माझ्या बापालाही त्यांनी त्यात घातलं. भट्टीवर राबणाऱ्या माझ्या नवऱ्याला घातलं. या कापूस घातलेल्या पोरीलाही घातलं. उद्या तिने दारू घेतली तरी ते म्हणतील, चालतंच.

त्यांचं पिणं आजार. माझं पिणं जात. आजारावर औषध असतं. जातीवर काय असतं? जातीने किटली उचलायची.

तिथे त्या कट्ट्यावर मला आग लागली. उशिरा लागली, पण लागली.

नवरा निरोप मिळाल्यावर भट्टीवरून आला. त्याने पोरीला समोर बसवून विचारलं आणि त्याला ती खोटं बोलली नाही. त्याने माझ्यावर हात उचलला नाही. उचलला असता तर सोपं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला पोचवून आला आणि भट्टीवर परत निघताना दारात उभा राहून म्हणाला, "सुट्टीत पोर माझ्या बहिणीकडं राहील. तू बरी झालीस की सांग. मग आणीन."

बरी झालीस की. म्हणजे त्याच्या लेखी मी आजारी होते. साहेबांनी जो द्यायला नकार दिला होता तो शब्द या माणसाने, रागात, जाता जाता दिला.

त्या रविवारी मी साहेबांच्या फाटकापाशी गेले नाही. नेऱ्याच्या नाक्यावरून टमटम पकडली. चांगलं लुगडं नेसले होते. दोन दिवस घेतलेली नव्हती, अंग आतून किडे चालल्यासारखं होत होतं. टमटममध्ये एका बाईने विचारलं, "तब्येत बरी नाय काय?" मी म्हणाले, "नाय." एवढं खरं मी कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

मी पोचले तेव्हा साहेब व्हरांड्यात चिडून उभे होते.

"कुठे होतीस? मी फाटकापाशी वाट बघून आलो. स्टोव्ह पेटव आधी."

मी त्यांच्या बाजूने आत गेले आणि दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसले.  रिंगणात दहा-बारा माणसं. सगळे पुरुष. साहेब मागून आत आले.

"अगं, ऊठ. काय चाललंय?"

"आज चहा नाय करणार, साहेब. मी मीटिंगला आलीय."

कुणीतरी हसलं. रुमालवाला माझ्याकडे बघायला लागला. पहिल्यांदाच बघितलं असेल. म्हणाला, "अहो, ही आतली मीटिंग आहे. बाहेरच्यांना चालत नाही."

"मी बाहेरची नाय. मी पिते."

मीटिंग चालवायचं काम तेव्हा एका चाचांकडे होतं. बाजारात त्यांचं रंगाचं दुकान होतं. आधी आखातात नोकरीला होते. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. साहेब त्यांच्याकडे वळून बोलायला लागले. माझ्या डोक्यावरून, मी नसल्यासारखे.

"चाचा, मी हिला आधीच समजावलंय. यांच्या वाडीवर सगळेच पितात. तिला आजार-बिजार कळत नाही हो. उगीच…"

"साहेब," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "तुमचं इतके दिवस मी ऐकलं. मध्ये एक शब्द बोलले नाय. आता तुमी ऐका."

 चाचांनी साहेबांना हाताने बसायची खूण केली. मग म्हणाले, "कायदा सगळ्यांना एकच आहे. बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही. बोल, बाई. नाव सांग आधी."

इतक्या रविवारांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं. माझ्या हातचे किती चहा प्यायले असतील. हे मी त्यांना पुढे तोंडावर सांगितलं आणि ते म्हणाले, "शर्मिंदा आहे मी." भला माणूस होता. पण भल्या माणसांनीही विचारलं नव्हतं, हे लिहून ठेवते.

मी नाव सांगितलं. मग म्हणाले, "मी मद्यपी आहे." तो शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता. पुन्हा म्हणाले, आमच्या भाषेत. "मी बेवडी हाय. लोकांच्या उष्ट्या ग्लासातली पिते. मुलीनं मला आई म्हणायची लाज धरली म्हणून मी तिचा कान फोडला. मग डॉक्टरणीपुढं तिला खोटं बोलू दिलं. वाडीनं नाय केलं. माझ्या माणसांना कुणी यात घेऊ नका. मी केलं."

एवढंच बोलले. रडलेही नाही. खुर्चीवरून उठलेही नाही.

तिथे कुणी बोललं की बाकीचे आभार मानतात. रीत आहे ती. माझ्यानंतर काही वेळ कुणाच्या तोंडून ते निघेना. मग चाचा म्हणाले. मग दोघं-तिघं पुटपुटले. साहेब फळ्याकडे बघत होते. रुमालवाला उठून बाहेर गेला, तो परत आला नाही. त्या दिवशी चहा झाला नाही, आणि शेवटी एक जण कुरकुरला, "चहा तरी व्हायला हवा होता."

परतताना साहेबांनी मला गाडीत घेतलं नाही. मीही गेले नसते. दोन दिवसांनी मॅडमनी निरोप पाठवला, आता कामाला येऊ नकोस, बाटल्या कमी होतात. बाटल्यांना मी कधी हात लावला नव्हता. ग्लास तेवढे चाटले होते. पण निरोप घेऊन आलेल्या माळ्याला काय सांगायचं? 

यापुढची गोष्ट सुखाची होईल असं कुणाला वाटत असेल तर तशी ती नाही. दोन महिन्यांनी मी पुन्हा प्यायले. मुलीला बघायला नणंदेकडे गेले होते, पोरीने मला दारातून बघितलं आणि ती आत गेली. येताना प्यायले. पुढच्या रविवारी तेही रिंगणात सांगितलं. मग पुन्हा सुरुवातीपासून. साहेब काही दिवस आले, मग नवी मुंबईतल्या दुसऱ्या मीटिंगला जायला लागले. ते तिथे दारूपासून लांब राहिले असतील तर चांगलंच आहे. त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण त्यांना मी माफही केलेलं नाही. या दोन गोष्टी एका वेळी मनात राहू शकतात.

वाडीवरच्या दोन बायांना मी हळूहळू बरोबर न्यायला लागले. एक टिकली, एक नाही टिकली. जी नाही टिकली तिचं लेकरू आता तिची सासू सांभाळते. ती मेल्यावर लोक म्हणाले, कातकऱ्यांच्या बाया अशाच जातात. मी मयतावर भांडले. म्हणाले, तिचं नाव घ्या. ती गेली. तिला आजार होता.

नवरा परत आला. मुलगी दोन वर्षांनी आली, स्वतःच्या मर्जीने, एका सुट्टीत. आता ती नर्सिंग शिकते, पनवेलमध्येच खोली घेऊन राहते. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. हाक मारली की मान वळवून बघते, त्या वळण्यात दर वेळी मला हातपंप दिसतो.

परवा आली होती. चुलीपाशी बसून मासळी साफ करत होतो दोघी. मध्येच म्हणाली, "आये, आता ते सोड. आमाला शिकवतात कॉलेजात. तू तवा शुद्धीत नव्हतीस. मारलं ते दारूनं मारलं, तू नाय मारलंस."

प्रेमाने म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्यावर पहिल्यांदाच बोलत होती. मला ते घेता आलं असतं. गळ्यात पडून रडता आलं असतं.

मी म्हणाले, "नाय. मीच मारलं. मी होते तिथं."

तिने हातातला मासा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं." आणि पुन्हा साफ करायला लागली.

माझ्या जातीच्या नावावर मला कुणी हिणवू नये आणि जातीच्या नावावर मला कुणी सूटही देऊ नये. आजार आहे, तो मी कबूल केलाय, पण त्याच्या आडोशालाही मी बसणार नाही. पिणारी मी होते. मारणारी मी होते. गप्प बसणारी मी होते. आणि आज न पिणारी आहे तीही मीच आहे. यातलं एकही मी कुणाच्या नावावर करून देणार नाही.